फोटोत पाय ठीकच दिसतो

पोळा सरला की माझ्या फोनवर पायांचे फोटो येऊ लागतात. पोटऱ्या, घोटे, तळवे, एखादी मांडी. पाठवणारे बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांत प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई. एकदा तर कृषी केंद्रवाल्याने आपल्या गिऱ्हाइकाचा पाय पाठवला होता. खाली ठरलेला प्रश्न असतो, "मॅडम, सेल्युलायटिसच आहे ना? गोळ्या देऊ की इंजेक्शन?"

सेल्युलायटिस म्हणजे कातडी आणि तिच्या लगतच्या थराला झालेला जंतुसंसर्ग. मी फोटोवर फारसं बोलत नाही. उलट विचारते, दुखतं किती? ताप आहे का? नाडी मोजली का? शेवटची लघवी कधी झाली? काहींना हे आवडत नाही. इतका स्वच्छ फोटो काढलाय, उजेडात धरून काढलाय, आणि ही बाई लघवीचं विचारते. पण मला ज्या आजाराची धास्ती असते तो पहिल्या एक-दोन दिवसांत फोटोत येतच नाही.

तो कातडीच्या खाली असतो. कातडी, तिच्याखाली चरबी, आणि चरबीखाली स्नायूंवर ताणून बसलेला पांढरा चिवट पडदा. आम्ही त्याला फॅशिया म्हणतो. जंतू या पडद्याला धरून पसरतात, कारण तिथे रक्तपुरवठा कमी आणि त्यांना अडवणारं काही नाही. वर कातडी जेमतेम लालसर असते आणि खाली पडदा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुजलेला असू शकतो. कातडीला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या याच थरातून वर येतात. त्यांत गुठळ्या झाल्या की मग कुठे कातडी जांभळट पडते, फोड येतात, फोडात रक्त उतरतं. तेव्हाचा फोटो पाहिला तर कुणीही ओळखेल. पण तोवर एक अख्खी रात्र हातातून गेलेली असते. नाव लांबलचक आहे, नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस. त्याच्या जोडीला जंतूच्या विषाने शॉक आला, म्हणजे बीपी कोसळलं असेल तर चांगल्या आयसीयूतही दहातली तीन ते सहा माणसं जातात.

लवकर ओळखायची खूण एकच, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट दुखतं. आमच्याकडची माणसं दुखण्याच्या बाबतीत फार सोशीक. थ्रेशरमध्ये बोट गेलेला माणूस रुमाल गुंडाळून शांतपणे नंबर लावून बसतो, वर "आधी त्या बाईले पाहून घ्या जी" म्हणतो. असा माणूस पायावरची चादर हलली म्हणून ओरडत असेल, तर कातडी कितीही बरी दिसो, मी त्याच्या ओरडण्यावर विश्वास ठेवते. आणि दुसऱ्या दिवशी तेच दुखणं एकाएकी थांबलं तर अजून घाबरते. घरचे खूश असतात, इंजेक्शनने उतार पडला म्हणून. खरं म्हणजे तिथल्या नसा मेलेल्या असतात.

मागच्या काही वर्षांतला एक पेशंट सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि थोडे तपशील बदललेत. आमचं छोटं हॉस्पिटल यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे, एका तालुक्याच्या गावी आहे. मी सर्जन, नवरा भूलतज्ज्ञ. एक ऑपरेशन थिएटर, थोड्या खाटा, आयसीयू नाही. मोठं काही निघालं तर यवतमाळचं मेडिकल, सेवाग्राम, सावंगी, नाहीतर थेट नागपूर. सगळी नावं सोपी, सगळे रस्ते लांब.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी त्याला आणलं. मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये बसवून. चाळिशीतला सालदार, दणकट, साखर नाही, बीपी नाही. घरचे म्हणाले, पान लागलं असन, म्हणजे साप चावला असेल. दोन दिवसांआधी सांजच्याला धुऱ्यावरून येताना पायाला काहीतरी टोचलं होतं. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले, शिंगं रंगवली, तोरणाखाली उभाही राहिला, पण पाय ठणकत होता. रात्री थंडी वाजून ताप. सकाळी गावातल्या डॉक्टरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दुपारी दुसरं दिलं. मग उलट्या आणि हगवण सुरू झाली. त्यावरून गावात दुसरा तर्क निघाला, फवारणीचं औषध अंगावर गेलं.

हे दोन्ही तर्क मी हसण्यावारी नेत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे सुजलेला पाय आधी सापाचाच समजायचा असतो. घोणस आणि फुरसं दोन्ही इथे आहेत आणि दोन्हींच्या चाव्यात सूज, फोड, बीपी पडणं सगळं होतं. फवारणीचं तर काय सांगावं. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने एकट्या आमच्या जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली. तेव्हापासून भादव्यात कुणी उलट्या करत आला की सगळ्यांच्या मनात पहिलं तेच येतं.

म्हणून दोन्ही तपासलं. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. घोणस-फुरशाचं विष अंगात भिनलं असेल तर बहुधा ते गोठत नाही. याचं गोठलं. दाताची खूण नव्हती, आणि सूज चावल्यासारखी लगेच न येता दुसऱ्या दिवशी आली होती, तापाबरोबर. कीटकनाशकाच्या नेहमीच्या विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, नाडी मंदावते. याचं तोंड कोरडं ठाक, नाडी १३६, ताप १०३, वरचं बीपी ७८. सकाळपासून लघवी नाही. बोलणं मध्येच भरकटत होतं. डोळे लाल. छातीवर हात दाबून उचलला तर हाताचा फिका ठसा क्षणभर राहायचा. सावळ्या कातडीवर ती उन्हाने भाजल्यासारखी लाली नुसती बघून कळत नाही, दाबून पाहावं लागतं.

आणि पाय? पायावर हळद-चुन्याचा लेप होता. तो धुवून काढला. पोटरी ताठ, चकचकीत, घोट्याच्या वर तळहाताएवढी मळकट लाली, एक फोड. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. एवढंच. त्या पायाचा फोटो कुणी मला पाठवला असता तर "उद्या घेऊन या" असं वाटण्यासारखाच होता तो. पण लालीच्या चार बोटं वर, जिथे कातडी अगदी साधी दिसत होती, तिथे बोट टेकवल्याबरोबर त्याने खाटेचा दांडा धरला.

आता थोडं आत काय चाललं होतं त्याविषयी. हा प्रकार दोन तऱ्हेचा असतो. एकात अनेक जातींचे जंतू एकत्र येतात. साखरेचे जुने पेशंट, पोटाच्या ऑपरेशननंतरचे, गुदद्वाराजवळच्या गळवाचे. त्याला वास येतो, कातडीखाली हवा कुरकुरते. दुसऱ्या तऱ्हेत एकटा स्ट्रेप्टोकोकस, ए गटाचा. घसा दुखवणारा तोच. हा धडधाकट माणसालाही धरतो, आणि कितीदा तर आत शिरायची जागाही सापडत नाही. हा जंतू सोडतो त्यातली काही विषं सुपरअँटिजेन असतात. एरवी एखादा परका पदार्थ शरीरात आला तर शरीराच्या संरक्षण फौजेतली, दहा हजारांतली एखादी टी-पेशी त्याला ओळखून जागी होते. सुपरअँटिजेन ओळख-पाळख न बघता पाचातल्या एका पेशीपर्यंत सगळ्यांना एकदम उठवतं. त्या सगळ्या मिळून जी रसायनं ओततात त्यांनी रक्तवाहिन्या सैल पडतात, गळायला लागतात, बीपी कोसळतं, किडनी बंद पडते. उलट्या-जुलाबही त्याच गोंधळातले. म्हणजे माणूस जंतूंनी जितका मरतो तितकाच त्यांच्या विषाने आणि स्वतःच्याच फौजेने मरतो.

म्हणूनच नुसतं भारी अँटिबायोटिक सुरू करून सकाळची वाट पाहता येत नाही. हॅरी ईगल नावाच्या संशोधकाने १९५२ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं की हेच स्ट्रेप जंतू आत खूप वाढून बसले की पेनिसिलिन लंगडं पडतं. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. पण गर्दी झालेले जंतू वाढायचेच थांबतात, भिंत बांधतच नाहीत, मग ते औषध थांबवणार काय? क्लिंडामायसिन दुसऱ्या जागी मारा करतं. ते जंतूचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं, आणि विष हे प्रथिनच. जंतू वाढत असो नसो, विष बनणं थांबतं. १९८९ साली डॉ. डेनिस स्टीव्हन्स यांनी अमेरिकेतल्या अशा २० रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी उंदरांत क्लिंडामायसिन उशिरा देऊनही उपयोगी पडतं हे दाखवलं होतं. तरीही एकट्या क्लिंडावर विसंबायचं नाही, कारण काही स्ट्रेप त्याला दाद देत नाहीत, आणि पेनिसिलिनला दाद न देणारा ए गटाचा स्ट्रेप मात्र दवाखान्यांत अजून मोठासा कुठे रुजलेला नाही. दोन्ही लागतात. आणि पहिल्या तासात जंतू कुठला हे माहीत नसतं, म्हणून सगळ्यांना पुरेल असं मोठं अँटिबायोटिकही सोबत.

आमच्या बाजारात क्लिंडाची इंजेक्शनं सहज मिळत नाहीत. मुरुमांवर लावायचं क्लिंडाचं जेल हवं तितकं मिळतं. शेजारच्या मेडिकलवाल्याला मी सांगून ठेवलंय की इंजेक्शनची काही व्हायल कायम ठेव, मुदत संपली तर पैसे मी देईन. तो दरवेळी हसतो आणि ठेवतो.

तर हाताशी येईल तेवढं सगळं एकदम सुरू केलं. दोन्ही हातांत जाड सुया, जंतू वाढवून ओळखण्यासाठी रक्ताची कल्चरची बाटली भरून घेतली, लगेच पिपटॅझ हे मोठं अँटिबायोटिक आणि क्लिंडा, सलाईन धो धो, लघवीची नळी, ऑक्सिजन. दोन लिटर जाऊनही बीपी ८० च्या वर टिकेना, तेव्हा बीपी वर धरून ठेवणारं नॉरअॅड्रेनलिन लावलं. मानेतल्या सेंट्रल लाइनची वाट पाहिली नाही, कोपराजवळच्या चांगल्या शिरेतूनच दिलं आणि सिस्टरला तिथेच बसवलं.

मग खरा प्रश्न. इथे चिरायचं की पाठवायचं?

पुस्तकं लिहिणारी माणसं ज्या हॉस्पिटलांत असतात तिथे हा प्रश्न नसतो. लिफ्टने वर नेलं की ओटी. इथे ओटीत माझ्यामागे आयसीयू नाही, रक्तपेढी दुसऱ्या गावी. बाहेर अंगणात गाव जमलेलं. नवरा म्हणाला, "हा टेबलवर गेला तर?"

मी म्हटलं, "आणि रस्त्यात गेला तर?"

तो काही भांडायच्या सुरात बोलला नव्हता. शॉकमधल्या माणसाला भूल देणं म्हणजे काय हे तो माझ्यापेक्षा जास्त जाणतो. कमरेतून भूल तर द्यायचीच नाही, उरलंसुरलं बीपीही जातं. आणि टेबलवर माणूस गेल्यावर अंगणातलं गाव काय करतं हे दोघांनाही माहीत आहे. पण हिशेब असा होता. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तास, रस्ता दोन-तीन तास, तिथे कॅज्युअल्टीत दाखल होऊन तपासण्या होऊन ओटी मोकळी होईपर्यंत अजून किती कोण जाणे. म्हणजे पहाट. या आजारात पहिल्या ऑपरेशनला दिवसभराचा उशीर झाला की मरणारे वाढतात हे पक्कं ठाऊक आहे, आणि याचे दोन दिवस आधीच घरी गेले होते. पडद्याचं कुजणं तासातासाला वर सरकत असतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आता तर अजून घट्ट झालंय: मोठं हॉस्पिटल दोन तासांपेक्षा लांब असेल, हाताशी सर्जन आणि भूल देणारा असेल, तर पहिला चिरा इथे द्यावा आणि मग पाठवावं. पूर्ण ऑपरेशन करायचा हट्ट धरू नये. विषाचं कोठार उघडून मोकळं करायचं, एवढंच. काही सिनियर मंडळींना हे पटत नाही. पेशंट स्थिर करून पाठवावा असं ते म्हणतात. पण आत सडका पडदा असेपर्यंत हा पेशंट स्थिर होतच नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

खात्रीसाठी आधी खाटेवरच छोटी परीक्षा केली. जागा बधिर करून घोट्याच्या वर दोन सेंटिमीटरची चीर, खाली पडद्यापर्यंत. चांगल्या पायात हे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, बोट घालायला गेलं तर जात नाही, आणि रक्त येतं. इथे बोट पडद्यावरून वर सरसर निघालं. रक्त नाहीच. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं करडं पाणी तेवढं आलं. वास नव्हता. ते पाणी काचपट्टीवर घेऊन आमच्या लॅबवाल्या पोराकडे दिलं. एरवी तो मलेरियाच्या स्लाइड बघतो. ग्राम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून पाहायची तपासणी, करायला त्याला जेमतेम दहा मिनिटं लागली. येऊन म्हणाला, "मॅडम, जांभळे ठिपके, साखळीनं बसलेले." साखळी म्हणजे स्ट्रेप. मला हवं ते कळलं.

काही जण इथे स्कोअरचं विचारतील. २००४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी सहा रक्ततपासण्यांवरून गुण द्यायची पद्धत काढली, सीआरपी, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, साखर. वाईट नाही. पण यातल्या निम्म्या तपासण्यांचे रिपोर्ट आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येतात, आणि गुण कमी आले म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. बोटाची परीक्षा कुठल्याही गावात होते.

बाहेर त्याची बायको, थोरला भाऊ आणि मालक. मालकाची गाडी दारात उभी होती. "आत्ता नागपूरले नेतो मॅडम, पैशाची चिंता नका करू." माणूस चांगला होता, खरंच काळजीने बोलत होता. मी म्हटलं, न्यायचंच आहे, पण पाय उघडल्यावर. भाऊ म्हणाला, "म्हणजे पाय कापून टाकता का जी?" बायको काहीच बोलत नव्हती. मी तिच्याकडे पाहूनच सांगितलं, ताई, पाय कापत नाही, चिरते. लांब चिरा असेल, टाके घालणार नाही, उघडाच ठेवणार. मोठ्या दवाखान्यात परत उघडून पाहतील, अजून कापावं लागेल, पुढे कातडी लावावी लागेल. आणि ऑपरेशन करताना जीव जाऊ शकतो, न करता तर जाणारच. तिने विचारलं, "वाचते का?" मी म्हटलं, माहीत नाही. तिने अंगठा पुढे केला, मग आठवून म्हणाली, सही येते मले.

केटामाइन थोडं थोडं करत नवऱ्याने भूल दिली, नॉरअॅड्रेनलिन चालू ठेवूनच. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत दोन बाजूंनी चिरे. पडदा पांढराशुभ्र असायला हवा, तो राखाडी आणि गळका होता. चिमट्याने ओढला की सुटून येत होता. जिथवर बोट सहज जातं तिथवर कापत जायचं, कडेला ताजं लाल रक्त येईपर्यंत. खालचा स्नायू विजेच्या कॉटरीचं टोक लागताच आक्रसत होता, जिवंत होता, म्हणून पाय वाचायची आशा होती. सुंदर काही करायचं नसतं इथे. धुतलं, ओल्या गॉजने भरलं, बांधलं. अर्ध्या तासाच्या आत बाहेर. बीपी एकदा साठावर आलं तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे न पाहता "थांब" म्हटलं, मी हात थांबवले, मग "चल" म्हटलं.

१०८ आली तोवर लघवीच्या पिशवीत थोडं पिवळं दिसत होतं. मांडीवर, जिथे दुखणं संपत होतं तिथे, मी मार्करने रेघ मारून वेळ लिहिली, म्हणजे उतरवून घेणाऱ्याला कळेल की मधल्या तासांत किती सरकलं. पत्रात लिहिलं: काय सापडलं, कुठवर कापलं, कुठल्या औषधाचा कितवा डोस किती वाजता, ग्राम स्टेनमध्ये साखळ्या, कल्चरची बाटली सोबत आहे. आणि खाली मोठ्या अक्षरात, उद्या परत उघडून पाहणे आवश्यक. पत्रं वाचली जात नाहीत, म्हणून तिथल्या सर्जनला फोनही केला. नवरा अॅम्ब्युलन्समध्ये बसून गेला. हे दरवेळी जमत नाही. त्या रात्री दुसरा कुणी पेशंट नव्हता म्हणून जमलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत उघडलं, गुडघ्याच्या वर अजून थोडं काढलं. मग आणखी दोनदा. ही गोष्ट नातेवाइकांना आधी सांगून ठेवावी लागते, नाहीतर त्यांना वाटतं पहिल्याने अर्धवट केलं. तिसऱ्या दिवशी बीपीचं औषध सुटलं. किडनीने डायलिसिसपर्यंत वेळ आणली नाही, थोडक्यात हुकली. मालकाने कुठूनतरी ऐकून मला फोन केला, आयव्हीआयजी नावाचं, दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीजचं महागडं इंजेक्शन द्यावं का, शेत गहाण टाकतो. त्याने टाकलं असतं. मी सांगितलं, तिथले डॉक्टर म्हणतील तसं करा, पण त्यासाठी शेत टाकू नका. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर नीट चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला, सहा महिन्यांनी पाहिलं तर फरक नव्हता. त्यात सगळ्या तऱ्हेचे जंतू होते. नुसत्या स्ट्रेपच्या शॉकमध्ये थोडा फायदा होतो असं सांगणारे अभ्यासही आहेत, म्हणून देणाऱ्याला मी चूक म्हणत नाही. पण वेळेवर दिलेल्या चिऱ्याची जागा ते घेत नाही. फ्रँक मेलेनी या अमेरिकन सर्जनने १९२४ मध्ये पेकिंगहून अशा २० रुग्णांची हकिगत लिहिली. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, आयसीयू नव्हता, नॉरअॅड्रेनलिन नव्हतं. लांब चिरे, उघड्या जखमा, धुणं. त्यांचे बहुतेक रुग्ण वाचले होते.

दोन आठवड्यांनी बायकोचा घाबरून फोन आला. "मॅडम, त्याईच्या हाताची कातडी निघून राहिली, तळपायाचीही." तिला वाटलं आजार उलटला. ते त्या विषाचंच उशिराचं लक्षण, बरा होत असताना येतं. खोबरेल लावा म्हटलं. पुढे मांडीची कातडी काढून पोटरीला लावली. आता तो चालतो, थोडा ओढत. सालदारकी सुटली. मालकाने त्याला राखणीवर ठेवलंय, औताला धरत नाही.

गावातल्या डॉक्टरांवर मी चिडत नाही, चिडून पुढच्या वेळी फोन येत नाहीत. पण डायक्लोफेनॅकबद्दल त्यांच्याशी माझं अजून जमलेलं नाही. दुखण्याचं इंजेक्शन दिलं की ताप उतरतो, ठणका बोथट होतो, म्हणजे जी एकमेव खूण आपल्याकडे आहे तीच पुसली जाते; शिवाय शॉककडे निघालेल्या किडनीला ते सोसत नाही. त्यात डेक्सा हे स्टेरॉइड मिसळलं असेल तर विचारायलाच नको. त्यांचं म्हणणं, पेशंट रडत येतो, नुसतं पॅरासिटामॉल दिलं तर तो पलीकडच्या डॉक्टरकडे जातो. हेही खरं आहे. मग आमच्यात तडजोड झालीय ती अशी, द्यायचंच असेल तर एक द्या, पण पेनाने लालीची कड आखा, वेळ लिहा, आणि दुसऱ्यांदा इंजेक्शन मागायला आला तर देऊ नका, नाडी मोजा आणि इकडे पाठवा. रेघेच्या बाहेर लाली गेली, नाडी १२० च्या वर असली, उलट्या-जुलाब लागले, माणूस बरळायला लागला, यातलं काहीही झालं तर रात्री दोनलाही फोन करा. आशाताई हे सगळ्यांत चांगलं पाळतात. त्यांच्या पिशवीत पेन असतंच.

त्याच्या घरच्यांचं राहिलं. एका घरात असा एक पेशंट झाला की बाकीच्यांना तसाच जबर आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, पण एकूण पाहिलं तर फारच कमी. सगळ्यांना गोळ्या वाटत बसायची गरज नसते. महिनाभर कुणाला ताप आला, कुठे ठणकायला लागलं, तर थांबू नका एवढं सांगायचं असतं. बायको तो अॅडमिट असतानाच एकदा धाकट्या पोरीला घेऊन आली होती. पोरीला ताप, घसा लाल, गळ्याला गाठी. स्ट्रेपच असणार, बापाकडून आला की तिच्याकडून बापाला गेला कोण जाणे. अमॉक्सिसिलिनचा १० दिवसांचा कोर्स दिला. ताप दुसऱ्याच दिवशी उतरेल, तरी औषध सोडायचं नाही, असं आईला बजावलं. दहाव्या दिवशी ती रिकामी बाटली दाखवायला घेऊन आली.